जिवंत गाईची तपासणी होत नाही

वेड्या गाईचा रोग मी कॉलेजात परीक्षेपुरता पाठ केला होता आणि पेपर झाल्यावर सोडून दिला होता. आपल्या देशात तो नाहीच, मग डोक्यात जागा कशाला अडवायची, असा साधा हिशोब. त्यामुळं सोलापूरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी जेव्हा जाहीर केलं, की यंदा आपल्या जिल्ह्यातूनही या रोगासाठी नमुने जायचे आहेत, तेव्हा मी शेजारच्या मॅडमनी काय लिहून घेतलंय ते बघायला डोकावले. त्यांनी गुलाबाचं फूल काढलं होतं.

साहेब म्हणजे आमच्या खात्याचे जिल्ह्याचे वरिष्ठ. स्वच्छ, टापटीप माणूस. गोठ्यात गेले तरी बुटांना शेण लागू देणार नाहीत. ते म्हणाले, "रोग आपल्याकडं नाही. पण नाही हे जगाला दाखवायचं, तर तो शोधावा लागतो. शोधून सापडला नाही, की मग आपण ठामपणे म्हणू शकतो, नाही."

"आणि सापडला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

साहेब घोटभर पाणी प्याले. "सापडणार नाही. पण शोधा मनापासून."

मग त्यांनी पद्धत सांगितली. हा रोग मेंदूचा. रक्त, लघवी, दूध, शेण, कशातूनही कळत नाही. गाय मेल्यावर कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याचा चमचा आत घालायचा, मेंदूच्या देठाचा तुकडा काढायचा, बरणीत घालून प्रयोगशाळेला पाठवायचा. म्हणजे कुठलीही विचित्र वागणारी गाय दिसली, की तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि ती मरायची वाट बघायची. मीटिंग सुटताना आम्हाला एकेक पेटी मिळाली. तिच्यात बरण्या, हातमोजे, चष्मा आणि तो चमचा.

माझा दवाखाना करकंबच्या पुढं, माढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. दोन खोल्या, पुढं गुरं अडकवायचा लोखंडी खोडा आणि एक परिचर, ज्यांना सगळा गाव मामा म्हणतो. मामांनी पेटी उघडली, चमचा उन्हात धरून निरखला आणि म्हणाले, "मॅडम, आमरस ढवळायला झ्याक हाय." मी चमचा त्यांच्या हातातून काढून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी सोलापूरहून आईचा फोन आला. आमच्या घरात अर्धं बोलणं कानडीत चालतं. मी तिला नवीन काम सांगितलं, तर ती म्हणाली, "हुच्च आकळ? वेडी गाय? अगं, एवढं शिकवलं तुला, एक तरी शहाणी गाय बघायला दिली का त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी मामांनी दवाखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'कोणाची गाय विचित्र वागत असल्यास त्वरित कळवावे.' विचित्र म्हणजे काय, हे लिहायला फळ्यावर जागा उरली नव्हती. त्याचा परिणाम असा झाला, की गावातल्या झाडून सगळ्या गाई विचित्र निघाल्या. एका आजींची गाय सुनेला पान्हा सोडायची, आजींना नाही. एकाची गाय पाहुणे आले की त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची. एका बाईंच्या गाईनं लग्नपत्रिका खाल्ली होती आणि फक्त मुलीकडच्यांची खाल्ली होती, मुलाकडच्यांची तशीच ठेवली होती. एकजण गाय न घेताच आला आणि खाजगी आवाजात म्हणाला, "मॅडम, गाईचं र्‍हाऊ द्या. आमचं मेवणं आणलं तर बघाल का?"

या सगळ्यांना मी चहा पाजून परत पाठवत होते. तेवढ्यात तो व्हिडिओ आला.

रस्त्यापासून आत, डाळिंबाच्या बागेपलीकडं एका जोडप्याची वस्ती होती. नवरा बारीक, अबोल. दिवसभरात त्याचे शब्द मोजून घ्यावेत असा. त्याची कसर बायको भरून काढायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे, मीही म्हणते. त्यांची काळी-पांढरी संकरित गाय होती. आमच्याकडं असल्या सगळ्या गाईंना जर्शी म्हणतात, मग ती कुठलीही असो. वहिनींच्या धाकट्या दिराचं करकंबच्या बाजारात मोबाईलचं दुकान आहे. त्यानंच तो व्हिडिओ काढून, खाली ढोलकीचं संगीत टाकून, सगळीकडं पाठवला होता.

व्हिडिओत गाय पाण्याच्या टिपाडाजवळ येते, म्हणजे पिंप अर्धं कापून केलेल्या लोखंडी टाकीजवळ. मान खाली घालते आणि एकदम चारी पाय उचलून मागं उडी मारते. हंबरते. शेपूट वर करून खुंट्याभोवती गोल फिरते, पुन्हा टिपाडाजवळ येते, टिपाडाकडं बघत उभी राहते आणि पुन्हा उडी. ढोलकी नेमकी त्याच ठेक्यावर. खाली लिहिलं होतं, 'आपल्या भागात वेडी गाय! सावध रहा!'

माझ्या डोक्यात वेड्या गाईचा रोग आला नाही, पिसाळलेलं कुत्रं आलं. आमच्या भागात गाय अशी वागली की पहिली शंका तीच घ्यायची असते. मामांना मागं बसवून गाडी सरळ वस्तीवर घातली.

पोचलो तर गाय बसून रवंथ करत होती. मला बघून तिनं एक कान हलवला. मी हातमोजे घालून तिचं सगळं तपासलं. कुत्रं चावल्याची खूण नाही, लाळ नाही, ताप नाही. नुकती व्यालेली गाय अंगातली साखर घटली तरी वेड्यासारखं करते, म्हणून तेही बघितलं, ते नव्हतं. मग उठवून चालवलं. सरळ चालली. टिपाडाशी गेली, नाक बुडवून सावकाश पाणी प्याली आणि आमच्याकडं तोंड करून उभी राहिली.

"कधी करती असं?" मी विचारलं.

"तिच्या मनात आलं की," वहिनी म्हणाल्या. "मागच्या हप्त्यात रोज करत हुती. ह्या हप्त्यात दिवसा एकदम शानी. रातीचं मातुर कधीमधी वरडती."

आम्ही वाट बघत बसलो. बघायला शेजारचे चारपाचजण आले, तेही बसले. गाय आमच्याकडं बघत होती आणि आम्ही गाईकडं. मामांना ते सहन होईना. ते उठले, गाईपुढं जाऊन त्यांनी हात हलवले, फुर्रर्र केलं, एक पाय वर करून गिरकी घेतली, टोपी काढून तिच्या नाकापुढं नाचवली. गाय ढिम्म. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "ह्यांस्नी कवापास्नं हाय असं?"

परत निघताना मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, मंग चमच्याचं काय करायचं?"

"कसला चमचा?" वहिनी.

मी सांगायला नको होतं, पण त्यांनी नवऱ्याला हाक मारून उभं केलं आणि माझी वाट अडवली. मग सांगावंच लागलं. हा रोग जिवंतपणी तपासता येत नाही, गाय मेल्यावर चमच्यानं मेंदू काढतात वगैरे. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातला खराटा उचलला.

"माज्या गाईच्या डोस्क्यात चमचा?"

"मेल्यावर, वहिनी. मेल्यावरच."

"म्हंजे तुमी तिच्या मरायची वाट बघताय व्हय?"

सरकारी सूचना अगदी तीच होती. मामा माझ्या आधी गाडीवर जाऊन बसले होते.

यापुढं मात्र प्रकरण हसण्यावारी राहिलं नाही. दूध संकलन केंद्रानं वहिनींचं दूध घ्यायचं बंद केलं. मी जाऊन समजावलं, की हा रोग असला तरी दुधातून पसरत नाही आणि इथं तर तो नाहीच. केंद्रवाला समजूतदार होता. म्हणाला, "माझं काय न्हाय मॅडम, पण लोक दुधाचा केन बघून ओळखत्यात, कुणाचा हाय. तुमी गाय शानी असल्याचा एक दाखला द्या की."

मी वहिनींना जाऊन सांगितलं, की असा दाखला जिवंत गाईला देता येत नाही. मेल्यावर तपासून देता येतो.

"आसं," वहिनी म्हणाल्या. "म्हंजे गाय मेल्यावर मी दूध घिऊन जायाचं आणि म्हनायचं, घ्या, शानी हुती."

त्या रोज सगळं दूध घरात आटवत होत्या. दीर, ज्यानं हा उद्योग केला होता, त्याला सकाळ-संध्याकाळ खवा खायला लावत होत्या. तो दुकानात पोटावर हात ठेवून बसायचा आणि मला बघितलं की म्हणायचा, "मॅडम, कायतरी करा."

तोवर ढोलकीचा व्हिडिओ फिरत फिरत सोलापुरात साहेबांपर्यंत पोचला. त्यांचा फोन आला. "मॅडम, आपल्या जिल्ह्यात?" त्यांच्या आवाजात भीती होती, पण तिच्या खाली थोडासा आनंदही होता, असं मला आजही वाटतं. "मी स्वतः येतो. चारचौघांत बोलू नका."

साहेब आले तेव्हा वस्तीवर चारचौघं सोडून सगळे हजर होते. बायका, माणसं, आजी, मेवण्याचा दाजी. वहिनींनी साहेब येणार म्हणून पहाटेपासून गोठा धुतला होता. इतका धुतला होता, की बोटभर पाण्यात गाय उभी होती. साहेबांनी त्या पाण्याकडं बघितलं, स्वतःच्या चकचकीत बुटांकडं बघितलं, मग शांतपणे बूट-मोजे काढून मामांच्या हातात दिले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत शिरले. मामा बूट छातीशी धरून देवळाबाहेर उभं राहावं तसे उभे राहिले.

गाय टिपाडाकडं निघाली. तहानलेली दिसत होती. नाक खाली घातलं आणि उडी! हंबरली, शेपूट वर, गोल फिरली.

"आली! आली! अंगात आली!" गर्दी ओरडली.

मी पहिल्यांदाच हे डोळ्यांनी बघत होते आणि मला खरंच काही सुचेना. साहेबांचे डोळे मात्र चमकत होते. ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मॅडम, पुस्तकात आहे अगदी तसं. स्पर्शाला दचकणं. बघितलंत?" मग ते हलक्या पावलानं गाईच्या तोंडाजवळ गेले, तिच्या डोळ्यांत बघायला वाकले आणि आधाराला त्यांनी हात टिपाडाच्या कडेवर ठेवला.

साहेब उडाले. चारी पाय म्हणता येत नाही, पण दोन्ही. आणि तोंडातून जो आवाज निघाला, तो गाईच्या आवाजाच्या इतका जवळचा होता, की गाईनं वळून बघितलं.

मामांचा आवाज आला, "साहेबास्नी बी लागन झाली!"

त्यानंतर जी पळापळ झाली, ती मी कधी विसरणार नाही. आजी, ज्यांना दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढताना हात द्यावा लागायचा, त्या डाळिंबाच्या बागेत सगळ्यांच्या पुढं होत्या. मामा बुटांसकट साहेबांच्या जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी काचा वर केल्या. गोठ्यात उरलो मी, साहेब, गाय आणि ते जोडपं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, माझ्या हातातून पायापर्यंत काहीतरी गेलं."

मी टिपाडाला हात लावला. मला काहीच झालं नाही. माझ्या पायात गमबूट होते, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. साहेबांनी माझा हात बघितला, स्वतःचा हात बघितला आणि तो पँटला पुसून घेतला.

"म्हणजे मलाच होतंय. हा रोग कित्येक वर्षं अंगात लपून राहतो, मॅडम. मी परदेशात फक्त एकदा गेलोय. दुबईला, मेहुणीकडं. विमानतळावर एक सँडविच खाल्लं होतं. भाज्यांचं आहे म्हणून सांगितलं होतं त्यांनी."

"साहेब," वहिनी काळजीनं म्हणाल्या, "बसा. ल्हान घोटानं पानी प्या."

आणि त्यांनी त्याच टिपाडात तांब्या बुडवून साहेबांपुढं धरला. साहेब तांब्याकडं बघतच राहिले. मी मात्र वहिनींच्या पायांकडं बघत होते. त्यांच्या पायात जाड तळाच्या रबरी चपला होत्या. नवऱ्याच्या पायातही. माझ्या पायात गमबूट. अनवाणी फक्त दोघं होती, साहेब आणि गाय.

मी गमबूट काढले. पाण्यात उभी राहिले आणि टिपाडाला बोट लावलं. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, मी "अय्यय्यो!" म्हणून मागं उडाले आणि गाईच्या अंगावर आदळले. बागेतून आवाज आला, "म्याडमला बी!" मला हसू फुटलं. ते थांबेना. मी जितकी हसत होते तितकी बागेतली माणसं मागं सरकत होती, आणि हसता हसता मी ओरडत होते, "करंट! अहो, करंट आहे! मोटारीची पेटी बंद करा!"

वहिनींचा नवरा धावला. त्यानं विहिरीच्या मोटारीच्या पेटीतला खटका पाडला. मग आम्ही शोधलं. त्यांनी कडबा कापायचं नवीन कुट्टीयंत्र घेतलं होतं आणि त्याची वायर मोटारीच्या पेटीतून ओढून, कुणी अडखळू नये म्हणून, एका पोत्याखालून नेली होती. वायरीला चीर गेली होती. पोतं कायम ओलं. आणि पोत्याला चिकटून टिपाड. थोडासा करंट त्यातून झिरपत होता, माणसाला दचकवण्याइतका. माणूस तिथं चपला घालून जायचा, प्लास्टिकच्या पाइपनं पाणी सोडायचा आणि परत यायचा. त्याला कधी कळलंच नाही. गाय ओलं नाक लावायची.

गाईचं वेड यायचं-जायचं कसं, तेही कळलं. शेतीची लाईट एक हप्ता दिवसा असते, एक हप्ता रात्री. दिवसाच्या हप्त्यात गाय दिवसा वेडी, रात्रीच्या हप्त्यात रात्री. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाईट नव्हती, म्हणून बाई शहाण्यासारखी पाणी पीत होती.

साहेबांनी हे सगळं ऐकलं, डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला. "म्हणजे सँडविच भाज्यांचंच होतं," ते म्हणाले.

आता टिपाडाला हात लावून बघणार कोण? साहेबांनी मामांना बोलावलं. मामांनी जीपची काच बोटभर खाली केली. "साहेब, माजी पेन्शन जवळ आली हाय." शेवटी वहिनींच्या अबोल नवऱ्यानं चपला काढल्या, पाण्यात उतरला आणि दोन्ही पंजे टिपाडावर ठेवले. काही झालं नाही. तो तसाच उभा राहिला आणि त्या दिवसातलं त्याचं एकमेव वाक्य बोलला. गाईला म्हणाला, "ये."

वहिनींनी त्याच गाईच्या दुधाचा चहा केला. गर्दी बागेतून परत आली आणि साहेबांच्या कपाकडं बघत उभी राहिली. साहेबांना ते कळलं. त्यांनी चहा बशीत ओतला, सगळ्यांना दिसेल असा उचलला आणि आवाज करत प्याले. दुसरा कपही मागितला. केंद्रावर दुसऱ्या दिवसापासून दूध जायला लागलं. दिरानं साहेबांच्या उडीचा व्हिडिओही काढला होता, ढोलकीसकट. तो पुढं पाठवू नकोस, असं मी त्याला बजावलं. त्यानं नाही पाठवला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला नुसता दाखवला.

नमुनाही गेला आमचा त्या वर्षी. दुसऱ्याच गावातली एक म्हातारी गाय, पडून राहिलेली, आपल्या मरणानं गेली आणि तिच्या मालकानं हो म्हटल्यावर मी चमचा वापरला. प्रयोगशाळेतून उत्तर आलं, रोग नाही. मी फोन करून मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे जाताना शुद्धीत हुती म्हनायची. बरं झालं."

वहिनींची गाय मात्र एवढ्यावर मानायला तयार नव्हती. वायर बदलली, पोतं जाळलं, टिपाड उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं, तरी ती पाण्याशी येऊन थांबायची, नाक लावायची नाही. करंट सापडला त्या दिवशी मालकानं हात ठेवल्यावर प्याली होती, तेच तिनं धरून ठेवलं. अजूनही मी कधी संध्याकाळी त्या बाजूला गेले, की तो माणूस चपला काढून टिपाडात हात बुडवून उभा असतो. गाय त्याच्या हाताकडं बघत नाही, तोंडाकडं बघते. त्याचा चेहरा दचकला नाही, जागच्या जागी आहे, अशी तिची खात्री झाली, की मग पिते.